टक्का सांगण्याआधी छेद सांगा

'आमचं मशीन ८३ टक्के चालतं.' उत्पादनाच्या बैठकीत हे वाक्य आलं की समोरचे माना डोलावतात आणि विषय पुढे सरकतो. परीक्षेत ८३ पडले तर कोण तक्रार करील? पण परीक्षेत निदान एकूण गुण किती ते प्रश्नपत्रिकेवर छापलेलं असतं. इथे मात्र ८३ टक्के ते कशाचे, हे कुणी विचारतच नाही.

व्यवसायाकडे जी साधनं असतात, म्हणजे यंत्रं, माणसं, जागा, माल, पैसा, ती तो किती चांगली वापरतो हे मोजायची डझनावारी मापं आहेत. नावं भारदस्त असली तरी आतून सगळी एकाच जातीची: अपूर्णांक. वर अंश, खाली छेद. वर 'पदरात काय पडलं', खाली 'हाताशी काय होतं'. अंशात फारशी गफलत होत नाही, कारण नग मोजता येतात, बिलं मोजता येतात. छेद मात्र कुणीतरी बसून ठरवलेला असतो. ग्यानबाची मेख तिथेच आहे.

एका शिफ्टचा हिशेब

एक मशीन घेऊ. शिफ्ट आठ तासांची, म्हणजे ४८० मिनिटं. त्यातली ६० मिनिटं सुट्टी आणि साफसफाईची, आधीच ठरलेली. उरली ४२०. मधे एकदा टूल तुटलं, २५ मिनिटं गेली. जॉब बदलला, नव्या जॉबचं सेटिंग व्हायला ४५ मिनिटं लागली. म्हणजे मशीन प्रत्यक्ष फिरलं ३५० मिनिटं. ३५० भागिले ४२०, आले ८३ टक्के. बैठकीतला आकडा हाच, आणि तो खोटा नाही.

आता मोजलेले नग बघू. एका नगाला ३० सेकंद लागतात, तेव्हा ३५० मिनिटांत ७०० नग निघायला हवे होते. निघाले ५९५. मग १०५ नग गेले कुठे? मशीन बंद पडल्याची नोंद नाही. झालं असं की कधी नग अडकला आणि ऑपरेटरने हाताने सोडवला, कधी कच्चा माल यायला दीड मिनिट उशीर झाला, कधी आवाज वेगळा आला म्हणून वेग थोडा कमी केला. असले थांबे इतके छोटे असतात की लॉगबुकात लिहायचं कुणाला सुचत नाही, आणि दिवसभराचे मिळून ते जवळजवळ साडेबावन्न मिनिटं खातात. टूल तुटलं त्याच्या दुप्पट! पण टूल तुटल्याची चर्चा आठवडाभर चालते आणि या साडेबावन्न मिनिटांचं नावही निघत नाही.

पुढे, ५९५ पैकी ३५ नग तपासणीत बाद झाले. उरले ५६०. पाचशे साठ चांगले नग बनवायला दोषविरहित वेळ किती लागायला हवा होता? २८० मिनिटं. आणि हाताशी होती ४२०. म्हणजे खरा वापर ६७ टक्के.

या मोजणीला ओईई म्हणतात, म्हणजे ओव्हरऑल इक्विपमेंट इफेक्टिव्हनेस, यंत्राची एकूण परिणामकारकता. जपानमध्ये यंत्रांच्या देखभालीवर आयुष्यभर काम केलेल्या सेइची नाकाजिमा यांच्यामुळे हे माप १९८० च्या दशकात जगभरच्या कारखान्यांत पोचलं. सूत्र साधं आहे: उपलब्धता गुणिले वेग गुणिले दर्जा. आपल्या मशीनचं ८३ गुणिले ८५ (७०० पैकी ५९५) गुणिले ९४ (५९५ पैकी ५६०), म्हणजे ६७. यात झोंबतो तो गुणाकार. तिन्ही बाबतींत ९० टक्के, म्हणजे ऐकायला झकास; पण गुणून बघितलं तर ७३ सुद्धा भरत नाही. ज्याला जागतिक दर्जाचं म्हणतात ते ८५ टक्के कुठून आलं, तर ९० गुणिले ९५ गुणिले ९९ यातून. तो काही निसर्गनियम नाही. रोज दहा प्रकारचे जॉब फिरवणाऱ्या मशीनला आणि वर्षभर एकच नग काढणाऱ्या मशीनला तीच फूटपट्टी लावणं मला तरी पटत नाही.

आता त्याच शिफ्टचा, त्याच ५६० नगांचा छेद बदलून बघू. सुट्टीची ६० मिनिटंसुद्धा धरली तर २८० भागिले ४८०, म्हणजे ५८ टक्के. मशीनला काही घर नाही, ते रात्रीही तिथेच उभं असतं, तेव्हा चोवीस तास धरले तर २८० भागिले १४४०, जेमतेम १९ टक्के! ८३, ६७, ५८, १९. चारही आकडे बरोबर, फक्त प्रत्येक आकड्याचा प्रश्न वेगळा. शिफ्टच्या सुपरवायझरला ६७ विचारा, कारण ते त्याच्या हातात आहे. मालक 'ऑर्डरी वाढल्यात, दुसरं मशीन घेऊ या' म्हणत असेल तर त्याच्यासमोर १९ ठेवा. कदाचित त्याला मशीन नको असेल, दुसरी शिफ्ट हवी असेल.

छेदाशी खेळताही येतं, आणि खेळतात. बंद पडलेल्या ७० मिनिटांतली ४० मिनिटं लॉगबुकात 'नियोजित देखभाल' म्हणून लिहिली की ती हिशेबातूनच बाहेर जातात. छेद ४२० चा ३८० होतो आणि ओईई ६७ वरून थेट ७४ वर. नग तेवढेच, ५६०. दुसरी युक्ती अंश फुगवायची, आणि त्याहून जुनी: एका नगाला ३० ऐवजी ३६ सेकंद लागतात असं प्रमाण लावून घ्यायचं. लगेच ८० टक्के! फक्त त्यात चोरी पकडली जाते, कारण मग वेगाचा आकडा १०२ टक्के येतो. कुठल्याही अहवालात वेग शंभराच्या वर दिसला तर माणसं फार कामसू आहेत असं समजू नये. आधी प्रमाणवेळ कुणी आणि कधी ठरवली ते विचारावं.

सगळ्यांनी शंभर टक्के राबायचं नसतं

एक समज घट्ट बसलेला आहे: प्रत्येक साधन पूर्ण वापरलं गेलं की धंदा पूर्ण कार्यक्षम. हा समज मोडायला तीन मशीनं पुरतात. माल पहिल्यावरून दुसऱ्यावर आणि दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जातो. पहिलं तासाला १०० नग काढू शकतं, दुसरं ६०, तिसरं ९०. शेवटी बाहेर पडणार ६०. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आता पहिल्या मशीनच्या ऑपरेटरला बक्षीस लावा की वापर शंभर टक्क्यांवर न्या. तो नेईल. दर तासाला ४० अर्धवट नग दुसऱ्या मशीनसमोर साठत जातील. आठ तासांनी ३२०. त्यात अडकलेला कच्चा माल, त्याला लागणारी जागा, ते उचलून ठेवणारी माणसं, आणि पहिल्या मशीनवर काही दोष असेल तर तो कळायच्या आत बनून गेलेले शेकडो सदोष नग. टोयोटाच्या उत्पादनपद्धतीमागचे ताइइची ओनो यांनी वाया जाण्याचे सात प्रकार सांगितले, त्यांत गरजेपेक्षा जास्त बनवणं हा सगळ्यांत वाईट मानला, तो यासाठीच: बाकीचे सहा त्याच्या पोटात लपतात. या उदाहरणात पहिल्या मशीनचा योग्य वापर ६० टक्के आहे. चाळीस टक्के वेळ ते शांत उभं राहणं हेच बरोबर, फक्त ते बघवत नाही.

एलियाहू गोल्डरॅट या इस्रायली भौतिकशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात हाच मुद्दा लावून धरला. अडथळ्याच्या जागी, म्हणजे सगळ्यांत संथ साधनावर, वाया गेलेला तास म्हणजे अख्ख्या कारखान्याचा तास. इतरत्र वाचवलेला तास म्हणजे बहुतेकदा मृगजळ. म्हणून मोजायची सुरुवात सगळीकडे एकदम करू नये. आधी हा अडथळा, म्हणजे बॉटलनेक, कुठे आहे ते शोधावं. ते शोधायला सॉफ्टवेअर लागत नाही. अर्धवट मालाचा ढीग कुठल्या मशीनसमोर आहे ते बघायचं.

अडथळ्याचं साधन नीट वापरणं म्हणजे काय, याचं एक सुंदर उदाहरण विमानकंपन्यांच्या इतिहासात आहे. अमेरिकेतल्या साउथवेस्ट एअरलाइन्सकडे १९७२ मध्ये चार विमानं होती आणि पैशाची चणचण. एक विमान विकावं लागलं. सरळ गणिताने वेळापत्रक कापायला हवं होतं. त्यांनी ते कापलं नाही. विमान उतरल्यापासून पुन्हा उडेपर्यंतचा जमिनीवरचा वेळ दहा मिनिटांवर आणला आणि चार विमानांचं वेळापत्रक तिनांवर चालवलं. विमान जमिनीवर असताना कमावत नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. पण बहुतेक कंपन्या अंश वाढवायच्या मागे होत्या, म्हणजे जास्त प्रवासी, जास्त तिकिटं. इथे अंश तसाच ठेवून छेद एक विमानाने कमी झाला.

याला दुसरी बाजू आहे. इतकं ताणलेलं वेळापत्रक असलं की सकाळच्या एका फेरीला उशीर झाला तर तो संध्याकाळपर्यंत पुढच्या प्रत्येक फेरीला चिकटतो. आणि हे नुसतं विमानांचं दुखणं नाही.

रांगेचं गणित

डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या ॲग्नर एर्लांग या गणितज्ञाने १९०९ मध्ये टेलिफोनच्या कॉलच्या गर्दीवर एक लेख प्रसिद्ध केला. किती लायनी ठेवल्या म्हणजे गिऱ्हाईक ताटकळणार नाही, असा रोकडा प्रश्न होता. त्यातून पुढे रांगांचं अख्खं शास्त्र उभं राहिलं, आणि त्याचं एक सूत्र प्रत्येक व्यवस्थापकाच्या टेबलाच्या काचेखाली असावं असं मला वाटतं.

समजा एकच खिडकी आहे, माणसं आपापल्या सवडीने येतात, कुणाचं काम पटकन होतं, कुणाचं लांबतं. सरासरी एका कामाला दहा मिनिटं. खिडकीवरचा माणूस ५० टक्के वेळ कामात असेल तर येणाऱ्याला सरासरी दहा मिनिटं थांबावं लागतं. वापर ८० टक्क्यांवर गेला की चाळीस मिनिटं. ९० वर नव्वद मिनिटं. ९५ वर एकशे नव्वद, म्हणजे तीन तासांहून जास्त. सूत्र इतकंच: वापराचा वाटा भागिले रिकाम्या वेळेचा वाटा, गुणिले कामाची सरासरी वेळ. ८० भागिले २० म्हणजे ४. ९५ भागिले ५ म्हणजे १९.

९० वरून ९५ वर जाताना व्यवसायाला मिळाला पाच टक्के जास्त वापर, आणि गिऱ्हाइकाचं थांबणं दुपटीहून वाढलं. तेव्हा सेवा देणाऱ्या कुठल्याही जागी, मग ते दुरुस्ती केंद्र असो, रुग्णालय असो की सॉफ्टवेअर लिहिणारी टीम, 'माणसं पूर्ण वेळ गुंतलेली आहेत' ही बातमी चांगली नसते. थोडा रिकामा वेळ हा तिथे वाया गेलेला वेळ नाही. तो लवकर सेवा देण्याची किंमत आहे. अग्निशमन दलाचा वापर ९५ टक्क्यांवर न्यायची सूचना कुणी करत नाही, कारण तिथे गणित न शिकताही कळतं.

देशाच्या पातळीवर आकडे काढणारेही हे धरून चालतात. अमेरिकेची मध्यवर्ती बँक, फेडरल रिझर्व्ह, दर महिन्याला उद्योगांचा क्षमता-वापर जाहीर करते. त्यातली 'क्षमता' म्हणजे कागदावरचं कमाल उत्पादन नव्हे. नेहमीच्या शिफ्टा, नेहमीचे थांबे धरून जेवढं टिकून काढता येईल तेवढं. इतका समजूतदार छेद घेऊनसुद्धा १९७२ पासूनची सरासरी ८० टक्क्यांच्या किंचित खालीच आहे.

पैशाचा छेद

मशीन आणि माणसं हे झालं कामाच्या जागेवरचं. वरच्या मजल्यावर बसणाऱ्याला सगळं एका भाषेत हवं असतं, आणि ती भाषा ताळेबंदाची. वर्षाची विक्री भागिले सरासरी मालमत्ता, की मालमत्तेची उलाढाल निघते. १०० च्या मालमत्तेवर २०० ची विक्री म्हणजे उलाढाल दोन पट.

या आकड्याला नफ्याशी जोडण्याचं श्रेय जातं डोनाल्डसन ब्राउन यांना. १९१० च्या दशकात ड्यूपाँट कंपनीत असताना त्यांनी दाखवलं की गुंतवणुकीवरचा परतावा म्हणजे विक्रीवरचा नफा गुणिले मालमत्तेची उलाढाल. पुढे ते जनरल मोटर्समध्ये गेले आणि हे सूत्र तिथेही रुजवलं. याचं महत्त्व असं: एक व्यवसाय विक्रीवर २० टक्के नफा कमावतो, पण मालमत्ता वर्षात अर्धाच वेळा फिरते. दुसरा फक्त २ टक्के कमावतो, पण पाच वेळा फिरवतो. दोघांचा परतावा सारखाच, १० टक्के. पहिल्याने दुसऱ्याच्या किरकोळ नफ्याला हसू नये, आणि दुसऱ्याने पहिल्याच्या संथ चालीला.

पण इथेही छेदाची पुस्तकी किंमत फसवते. १०० ला घेतलेल्या मशीनवर दरवर्षी १० घसारा लावला तर आठ वर्षांनी पुस्तकात उरतात २०. विक्री दरवर्षी १०० च आहे असं धरा. सुरुवातीला उलाढाल एक पट होती, आता पाच पट! मशीन कुरकुरतंय, नग बाद होतायत, आणि कागदावर मात्र कार्यक्षमता पाचपट. याच आकड्यावर व्यवस्थापकाचा बोनस ठरत असेल तर तो नवं मशीन घ्यायला कशाला तयार होईल?

भाड्याने घेतलेल्या साधनांचंही तसंच होतं. पूर्वी बरीचशी भाडेपट्ट्याची विमानं, दुकानं, यंत्रं ताळेबंदात दिसतच नसत. १ जानेवारी २०१९ पासून लागू झालेल्या आयएफआरएस १६ या आंतरराष्ट्रीय लेखामानकाने बहुतेक भाडेपट्टे ताळेबंदात आणले. अनेक कंपन्यांच्या मालमत्तेची उलाढाल त्या वर्षी घसरलेली दिसली. कामात काहीच बदललं नव्हतं, छेदात भर पडली होती. जुन्या आणि नव्या वर्षांची तुलना करताना हे लक्षात ठेवलं नाही तर भलताच निष्कर्ष निघतो.

मालाच्या साठ्याचं थोडक्यात सांगतो. विकलेल्या मालाची वर्षाची किंमत भागिले सरासरी साठा. सहा आले तर साठा वर्षात सहा वेळा फिरला, म्हणजे माल साधारण ६१ दिवस पडून राहिला. सरासरी काढताना फक्त वर्षअखेरचा साठा घेऊ नका. हिशेबाच्या तारखेच्या आधी गोदाम आवरायची सवय पुष्कळांना असते. बारा महिन्यांचे बारा आकडे घ्या.

आणि जागा भरली म्हणजे कमाई झाली असंही नाही. १०० खोल्यांच्या हॉटेलात ९० खोल्या ६० च्या दराने गेल्या तर जमा ५,४००. ६० खोल्या १०० च्या दराने गेल्या तर ६,०००, शिवाय तीस खोल्यांची झाडलोट वाचली. म्हणून हॉटेलवाले भरलेल्या खोल्यांच्या टक्क्याबरोबर प्रत्येक उपलब्ध खोलीमागची कमाई बघतात. पहिल्या हॉटेलची ५४, दुसऱ्याची ६०. छेद तोच, १०० खोल्या. इथे अंश बदलला.

एकाच साधनाचं माप एकांगी असतं

माणशी तासाला किती उत्पादन, हे सगळ्यांत लोकप्रिय माप. पण दहा माणसांच्या जागी एक महागडं यंत्र आणि ते चालवायला एकच माणूस ठेवला की हा आकडा दहापट होतो, आणि त्या यंत्रात गुंतलेल्या भांडवलाची उत्पादकता खाली येते ती कुणी छापत नाही. रॉबर्ट सोलो या अर्थशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये अमेरिकेच्या १९०९ ते १९४९ या काळाचा हिशेब मांडला. माणशी तासाचं उत्पादन दुप्पट झालं होतं, आणि त्यातली साडेसत्त्याऐंशी टक्के वाढ जास्त भांडवलामुळे नव्हती. ती आली होती त्याच साधनांतून जास्त काढायला शिकल्यामुळे. सोलोंनी त्याला तांत्रिक बदल म्हटलं.

एका व्यवसायाच्या शाखांसाठी याहून हाताशी येणारी एक पद्धत आहे. मायकेल फॅरेल यांनी १९५७ मध्येच तिची कल्पना मांडली आणि १९७८ मध्ये चार्न्स, कूपर आणि ऱ्होड्स यांनी तिला गणिती रूप दिलं. नाव डेटा एन्व्हलपमेंट ॲनालिसिस. नावाला घाबरू नका. तीन शाखा आहेत आणि तिघी सारखंच काम करतात. पहिली ४ माणसं आणि ८ यंत्रं वापरते. दुसरी ८ माणसं आणि ४ यंत्रं. तिसरी ९ माणसं, ९ यंत्रं. पहिलीची आणि दुसरीची तुलनाच होत नाही, एक माणसांत काटकसर करते, एक यंत्रांत. पण दोघींचं अर्धं अर्धं काम जोडलं तर तेवढंच काम ६ माणसं आणि ६ यंत्रांत होतं. तिसरी ९ आणि ९ वापरते. तिची कार्यक्षमता ६ भागिले ९, योगायोगाने पुन्हा ६७ टक्के.

यातला ६ चा मापदंड मला आवडतो, कारण तो कुणी खोलीत बसून ठरवलेला नाही. शेजारच्या शाखांनी प्रत्यक्ष करून दाखवलेल्या कामातून तो आला. त्याचा दोषही त्यातच आहे. सगळ्याच शाखा आळशी असतील तर त्यांतली सगळ्यांत कमी आळशी शाखा शंभर टक्के ठरते.

सुरुवात करायची असेल तर

सॉफ्टवेअर, सेन्सर, भिंतीवरचे पडदे हे सगळं नंतर. ढीग ज्या मशीनसमोर किंवा ज्या टेबलासमोर आहे तिथे एक कागद लटकवा. चार रकाने: कधी थांबलं, कधी सुरू झालं, कारण, आणि कुणाची वाट बघत होतो. एक मिनिटाचा थांबासुद्धा लिहायचा. दोन आठवडे पुरतात. लिहिणाऱ्याला आधी सांगा की हा कागद त्याच्या पगाराला लागणार नाही, आणि तो शब्द पाळा, नाहीतर तिसऱ्या दिवसापासून सगळे थांबे पाच-पाच मिनिटांचे दिसायला लागतात. आणि कारणांच्या यादीत 'इतर' ठेवू नका. ठेवलंत तर दोन आठवड्यांनी अर्धा कागद त्यातच गेलेला असेल.